वर जाणारा वेग

भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीचं झाकण एका बाजूनं सुटलेलं होतं, आत मुंग्यांनी बारीक माती आणून भरली होती, आणि मातीतून दोन तारा बाहेर डोकावत होत्या — एक तांबडी, एक निळी, दोन्ही टोकाशी कापलेल्या. जुन्या फोनची डबी. मंजुषानं नखानं माती उकरून पाहिली. इंटरनेटची सरकारी जोडणी घेतली तर ती याच वाटेनं येईल, की आता सगळीच काचेच्या तंतूची… वहीत हे लिहून ठेवायला हवं, असं तिच्या मनात आलं तेवढ्यात आतून बाबूजींचा आवाज आला. शब्द नव्हे. उजवी बाजू लुळी पडल्यापासून तिच्या वडिलांच्या, वासुदेवरावांच्या तोंडून एकच लांब स्वर निघे. पाणी हवं असलं तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच. सहा वर्षांत तिला त्यातले फरक ऐकू येऊ लागले होते. हा पाण्याचा होता.

पाणी पाजताना तिचं निम्मं लक्ष वहीकडे होतं, आणि त्याचं तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी तिचं लक्ष असं दुसरीकडे होतं.

रविवारी कैलासचा हैदराबादहून फोन आला होता. धाकटा भाऊ. घरी धड इंटरनेट घ्यायचं त्यानं ठरवलं होतं. हिंगणघाटात हल्ली तीन-चार जण देतात म्हणे, कोणाचं घ्यावं ते त्याला कळत नव्हतं. आणि मग तो म्हणाला, “तूच पाह्य ताई. तुले समजते त्यातलं.”

तुले समजते त्यातलं… हे वाक्य ती चार दिवस पदराच्या गाठीत बांधल्यासारखं घेऊन वावरत होती. समजत होतंच तिला. बसस्थानकाजवळच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथं ती अकरा वर्षं शिकवत होती. चाकांची खुर्ची होती तिला, मुलं तिला मॅडम म्हणत, आणि एखादं यंत्र अडलं की क्लासचे मालकही उठून तिच्याकडेच येत. मग एका सकाळी वडनेरच्या शेतात, वांग्यांच्या वाफ्याकडेला, बाबूजी पडले. कैलास आला, चार दिवस राहिला, आणि जाताना म्हणाला होता की काही दिवस तू पाहा, मग आपण एखादी बाई ठेवू. दोन बायका ठेवून झाल्या. एकही महिनाभर टिकली नाही. शेत गावातल्या कवडूकडे बटईनं, निम्म्या वाट्यानं गेलं, क्लासमध्ये तिच्या खुर्चीवर दुसरी कोणी बसली, पुढे क्लासच उठला, आणि ‘काही दिवस’ हे शब्द मात्र कधी कोणी परत घेतले नाहीत.

म्हणून तिनं वही काढली होती. पट्टीनं रकाने आखले होते. प्रेमदासची केबल, चौकातल्या दुकानातून मिळणारा, छतावर बसवायचा, टॉवरवरून नेट घेणारा डबा, सरकारी लाइन. भाडं किती, वीज गेली तर किती वेळ तग धरतं, बिघाड झाला तर माणूस कधी येतो. फोन घेऊन ती दिवसातून तीनदा छतावर चढली — सकाळी, भर दुपारी, आणि सगळी गल्ली मालिका बघत बसते त्या वेळी — आणि प्रत्येक वेळचा वेग लिहून ठेवला. टॉवरच्या आड शेजारच्या कडुनिंबाची फांदी येते, हेही लिहिलं. चार दिवस ती घरातल्या घरात कामावर जात होती.

एक रकाना मात्र कैलासनं घालायला लावलेला होता. मंगळवारी त्यानं पुन्हा फोन करून दोनदा बजावलं होतं की खाली येणारा वेग नाही, वर जाणारा पाहा. मॅडम असताना ती मुलांना हे सांगत असे : खाली येणारा वेग म्हणजे जग तुमच्या घरात येतं तो, वर जाणारा म्हणजे तुमचं घर बाहेर जातं तो, लोक पहिलाच विचारतात, दुसऱ्याची कोणाला पडलेली नसते. कैलासला पडली होती. बाबूजींना रोज पाहायचं असेल त्याला, आपलं चित्र तिकडे अडखळत असेल… तिचे डोळे भरून आले होते त्या दिवशी. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

आज जेवणं आटोपल्यावर शेजारच्या देवकाबाई बाबूजींजवळ येऊन बसल्या आणि ती निघाली. चौकातल्या दुकानात डब्याचं सगळं विचारून घेतलं. टेलिफोनच्या कचेरीतल्या बाईंनी अर्ज दिला, तुमच्या गल्लीत लाइन यायला थोडा वेळ आहे म्हणून सरळ सांगितलं. ऊन डोक्यावर होतं, पण पायांत बळ होतं. तिला प्रश्न नेमके सुचत होते, समोरचे सावरून उत्तरं देत होते. सगळ्यात शेवटी ती प्रेमदासच्या केबल ऑफिसात गेली. प्रेमदास तिच्याच क्लासला होता एके काळी. तो खुर्चीवरून उठला.

“मॅडम, तुमी काऊन आल्या उन्हात? कैलासभाऊचा फोन आलता मले. सांगतलं त्यांनी सगळं.”

काय सांगितलं, हे तिनं सहज विचारलं. वही उघडी होती, पेन हातात.

“तीन कॅमेरे चालले पायजे म्हणे. एक बाबूजीच्या खोलीत, एक सैपाकघरात, एक दारावर. आवाजवाले. दिवसभर तिकून पाह्यता आलं पायजे, म्हणून वर जायचा स्पीड…” तो थांबला. तिच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, “तुमाले नाई सांगतलं का?”

सांगितलं ना, असं ती म्हणाली. आणि एका कॅमेऱ्याला किती वेग लागतो ते विचारलं. त्यानं सांगितलं तो आकडा रकान्यात लिहिला. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं.

परत येताना जिनिंग मिलच्या भिंतीकडेनं सावली होती. कुंपणाच्या काटेरी तारेला कापसाचे पुंजके अडकलेले होते. ती सावलीतून चालत होती की उन्हातून, हे तिला कळत नव्हतं. सैपाकघरात कशाला? बाबूजी तर पलंगावर असतात. सैपाकघरात मी असते. दुधात पाणी घालते का, आधी स्वतः जेवते का, फोनवर कोणाशी बोलते का… आणि हे पाहण्याची सोय मीच शोधून द्यायची, मला समजतं त्यातलं म्हणून. दोरखंड कोणता मजबूत, ते बांधायच्या गाईलाच विचारावं तसं. चार दिवस मी छतावर चढत होते, कैलास. फांदीसुद्धा लिहिली मी.

दिवाळीत शिरला हा संशय. त्याशिवाय दुसरं काही असू शकत नाही. प्रणितानं — कैलासच्या बायकोनं — हौसेनं बाबूजींना तेल लावायला घेतलं, सदऱ्याची बाही वर केली, आणि तिचा हात थांबला. दंडावर निळा डाग होता, चार बोटांएवढा. हे कसं झालं ताई, असं तिनं अगदी हळू विचारलं होतं. पलंगावरून घसरत होते, मी धरलं, असं मंजुषानं सांगितलं. खरंच घसरले होते. खरंच धरलं होतं.

पण दिवाळीआधीचा दुसराही एक दिवस होता.

दुपार होती. बाबूजी घास गालात धरून ठेवत होते आणि थोड्या वेळानं तिच्या अंगावर थुंकत होते, एकदा, दोनदा, पाचव्यांदा — आणि डोळे तिच्याकडे लावून, जणू मुद्दाम — आणि तिनं त्यांचा दंड पकडून त्यांना गदागदा हलवलं. एकदाच. नाही, दोनदा. तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेला स्वर तिनं त्याआधी कधीही ऐकलेला नव्हता. पाण्याचा नव्हता, कुशीचा नव्हता, तिला माहीत असलेल्या कशाचाच नव्हता. मग तिनं त्यांचं तोंड धुतलं, सदरा बदलला, पुन्हा भात कालवला, भरवला. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या दोन दिवसांत चारच दिवसांचं अंतर. डाग कोणत्या दिवसाचा, ते मला माहीत नाही. माहीत आहे. नाही, खरंच नाही.

आणि हे कैलासला कळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्याला कळलेलं नाही. तो नुसतं धरून चाललाय. मी न केलेल्याबद्दल त्यानं संशय घ्यावा आणि तो निम्मा खरा निघावा — मग आता रागवायचं तरी कोणत्या तोंडानं?

घरी आली तेव्हा देवकाबाई पेंगत होत्या. त्या गेल्या. दिवेलागणीला कैलासचा फोन आला. कोणतं बरं वाटलं, असं त्यानं विचारलं, आणि तिनं वही पुढ्यात घेऊन सगळं वाचून दाखवलं, तिघांचं, रकान्यांप्रमाणे. प्रेमदासची केबलच घ्यावी, असं सांगितलं.

“तीन कॅमेरे आरामात चालतीन,” ती म्हणाली. “आवाजासकट.”

मागे कुठे तरी त्याची मुलगी खुशी हसत होती, मग दार लावल्यासारखा आवाज झाला.

“बाबूजीसाठीच आहे ते, ताई,” कैलास म्हणाला. “तुलेही बरं. एकटीच असतं तू. मी सांगणारच होतो.”

“हो.”

“राग आला का तुले?”

ती बाबूजींच्या खोलीच्या दारात उभी होती. ते जागे होते, छताकडे पाहत.

“पाह्यशीन का पण तू?” तिनं विचारलं. “रोज?”

म्हणजे काय, असं तो म्हणाला. पाहीनच ना, नाही तर एवढं कशाला. त्याच्या बोलण्यात घाई होती. तो चार दिवस पाहील, तिला वाटलं. आठ दिवस. प्रणिता जरा जास्त पाहील. मग कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका जळत राहील आणि पलीकडे कोणी नसेल. आणि आपण मात्र त्याच्यासमोर पदर सावरून बसू. कोणी पाहत असल्याचा जाच, की कोणीच पाहत नसल्याचा — यातलं कोणतं तिला आज नको होतं, ते तिला ठरवता येईना. फोन ठेवताना तो म्हणाला की सोमवारी प्रेमदासचा माणूस येईल, घरीच राहजो. घरीच, असं ती म्हणाली. ती दुसरीकडे कुठं राहणार होती!

मऊ भात कालवून ती पलंगाशी बसली. कॅमेरा बसेल तो कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात. तिथून पलंग सगळा दिसेल, तिचा हात दिसेल, पाठ दिसेल. चेहरा नाही दिसायचा. तिनं खुर्ची थोडी वळवून घेतली. का वळवली?

पहिला घास बाबूजींनी गिळला. दुसरा गालात धरला आणि थोडा हनुवटीवर सांडला. ती थांबली. रागावली नाही. पंच्याचा मऊ कोपरा ओला करून तिनं हनुवटी पुसली, सावकाश, गालापासून गळ्यापर्यंत, मग ओठाचा कोपरा, आणि बाबूजी तिच्याकडे पाहत राहिले. किती हळुवार पुसते आहे ही, असं कोणालाही वाटलं असतं. तिलाही वाटलं. आणि हात तसाच धरून ती आठवू लागली : काल हे कसं पुसलं होतं? परवा? या सहा वर्षांत, कोणी पाहत नसताना, हा हात कसा फिरत होता… ती आठवत राहिली, आणि तिला काही केल्या आठवेना.