न मागितलेले हात

कोणाला तसदी देऊ नये, हा सद्गुण आहे असे मानणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या प्रदेशात ते खरेही असेल. परंतु जिथे एकाची भिंत दुसऱ्याच्या खांद्यावाचून उभी राहत नाही, तिथे मदत न मागणे हाच अवमान ठरतो. तो अज्ञानाने आणि मायेपोटी घडला म्हणून त्याचा दाह कमी होत नाही. उलट, राग धरावा तरी कोणावर, हे न कळल्याने तो अधिकच जाळतो.

मेक्सिकोतील वाहाकाच्या डोंगरातील आमच्या गावात तेओफिलाचा पोरवयातच अमेरिकेला गेलेला मुलगा एलादियो सतरा वर्षांनी उत्तरेकडून परतला, तेव्हा असेच झाले. तिकडे तो एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. आल्याबरोबर त्याने अंगणाला लोखंडी फाटक बसवले. शेजारी हाक न मारता आत शिरले की तो दचके. वाटेत वडीलधारे दिसले तर थांबून विचारपूस करायची असते, हे त्याला चार पावले पुढे गेल्यावर आठवे. मग ओशाळून माघारी येई आणि टोपी काढी. आम्ही हसत असू. पाय आधी पोहोचतात, मन मागून चालत येते, असे मी बायकोला म्हणे.

आईसाठी त्याने पक्के घर बांधायला घेतले. भिंती झाल्या, स्लॅब राहिला. आमच्याकडे स्लॅब हा सणच. घरधन्याने आधी मेस्काल दारूची बाटली घेऊन दारोदार जायचे, प्रत्येक उंबऱ्यावर एक पेला द्यायचा आणि म्हणायचे, "माझ्या छपराला हात लावायला या." मग पुरुष पहाटे फावडी-घमेली घेऊन येतात, बायका पाट्यावर मोलेचा, म्हणजे सणाच्या दाट रश्श्याचा, मसाला वाटतात, आणि काम संपले की ओल्या स्लॅबवर फुलांचा क्रूस उभा राहतो.

तेओफिला अशा प्रत्येक छपराखाली वाटायला बसलेली. नवरा लवकर गेला, मुलगा परदेशी. तरी कोणाचाही स्लॅब असो, स्वतःचा वरवंटा शालीत गुंडाळून ती सर्वांआधी हजर. कोणी म्हटले, "काकू, दमलात, उठा आता," तर म्हणे, "माझंही छप्पर होईल की एक दिवस. तेव्हा तुम्ही सगळ्या वाटा, मी खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडीन."

एका बाजारच्या दिवशी ती खाली तालुक्याला गेली असता मला सिमेंटच्या मिक्सरचा घरघराट ऐकू आला. पोरगा निमंत्रण द्यायला विसरला असेल असे समजून मी फावडे घेऊन निघालो. माझ्यासारखेच आणखी काहीजण आले होते. फाटकात एलादियो उभा. आत शहरातून आणलेले मजूर.

"काका, तुम्ही कशाला आलात? हे काय तुमचं वय आहे? घरी आराम करा. हे लोक करतील सगळं."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माक्सिमिनोने घमेले उलटे करून डोक्यावर घेतले. "चला काका. साहेबांच्या सिमेंटला आपल्या हातांचा वास लागायचा."

आम्ही परतलो. माझे कान तापले होते.

संध्याकाळी तेओफिला आली. टोपली खाली ठेवून तिने वर पाहिले. क्रूस नव्हता. तिचा आवाज आम्हाला कुंपणाच्या अलीकडे, आमच्या अंगणात ऐकू येत होता.

"कोण कोण आलं होतं?"

"शहरातली माणसं, आई. दिवसात मोकळे! कुणाला त्रास नाही, तुला चूलसुद्धा पेटवायला लागली नाही."

"त्रास? हे हात बघ माझे. बघ! बोटं वाकडी झाली वाटून वाटून. ह्या गावातलं एक छप्पर दाखव ज्याच्याखाली मी बसले नाही. आज माझा दिवस होता, एलादियो. माझा! आणि तू तो भाड्याच्या माणसांकडून उरकून घेतलास?"

"मला कोण सांगणार होतं?" तोही ओरडला. "फोनवर काय बोलायचीस? बरा आहेस ना, जेवलास ना. संपलं! चुलीपुढं उभं राहून पाय सुजले माझे तिकडं. कशासाठी? तुला बसायला मिळावं म्हणून!"

"बसायला? अरे, पुरायलाच निघालास मला! ज्या घराला कुणाचा हात लागला नाही ते घर नव्हे, थडगं. थडग्यावरसुद्धा माणसं येतात, फुलं घेऊन!"

पाटा ओढत ती जुन्या, धुराने काळ्या पडलेल्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच राहिली. नव्या घरात तिने पाऊल टाकले नाही. गिरणीपाशी एलादियो दिसला की बायका गप्प होत; नळावर कोणी त्याला ओळख देईना.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "काय करू, काका? फोडून टाकू तो स्लॅब?"

"फोड की. त्यालाही शहरातलीच माणसं आण." मला राग आवरला नाही. मग म्हणालो, "शनिवारी माक्सिमिनोच्या मुलीचं छप्पर आहे. तुला कुणी बोलावणार नाही. तरी जा."

तो गेला. माक्सिमिनोने त्याला मुद्दाम चिरलेले घमेले दिले. "साहेब, हातमोजे विसरलात वाटतं?" दिवसभर सिमेंटचे पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होते आणि तो दात आवळून शिडी चढत होता. जेवायला मात्र त्याला कोणी बोलावले नाही. पुढच्या छपराला तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्यालाही.

पावसाळा संपल्यावर एलादियो बाटली घेऊन दारोदार निघाला. आईच्या स्वयंपाकघराचा पत्रा काढून स्लॅब टाकायचा होता.

माक्सिमिनो उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "आमची आठवण कशी काय? मिक्सर बिघडला?"

"नाही. पण मिक्सर मोले खात नाही."

माक्सिमिनो हसला नाही. पेला मात्र त्याने रिकामा केला.

सगळे आले नाहीत. जे आले त्यांनी दुपारपर्यंत छप्पर पुरे केले. अंगणात खुर्चीत बसून तेओफिला खेकसत होती, "अगं, मिरची जाडी राहिली! कोणी शिकवलं तुम्हाला वाटायला?" आणि वाटणाऱ्या बायका माना खाली घालून हसत होत्या. पंगतीत तिने सर्वांना स्वतः वाढले. एलादियोपुढे थाळी सर्वांत शेवटी आली.

"जेव. गार झालंय." ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "आणि तो क्रूस वाकडा बसलाय."

तो उठला, शिडी चढला आणि क्रूस सरळ करून मगच जेवला.

मोठ्या घरात ती अजूनही झोपत नाही; तिथे मका साठवते. फाटक मात्र दिवसा उघडे असते. ज्या हातांनी आयुष्यभर वाटले त्यांना विसावा लाभो, ज्याला मागणे जड जाते त्याला मागण्याचे बळ लाभो. आणि त्या मायलेकांचा राग चुलीतल्या निखाऱ्यासारखा अन्न शिजवण्याच्याच कामी येवो.