दोनशे बारा कच्ची पत्रं

"काका, ही दोनशे बारा पत्रं कोणाची?"

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी हे इतकं सहज विचारलं की टायपिस्टकाकांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणा काकांना विचारताहेत की काय म्हणून. मागे भिंतच होती. भिंतीला लागून फायलींचं कपाट, आणि कपाटावर सकाळच्या निरोपसमारंभातला फुलांचा गुच्छ. पाण्यात ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे त्याने एव्हाना मान टाकली होती.

"कसली पत्रं? ऑफिसचीच असतील," काका म्हणाले. "सदतीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

"ऑफिसच्या पत्रात 'चि. गट्टू' लिहितात होय?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. सोमवारी त्यांच्या खुर्चीत नवा माणूस बसणार होता आणि त्याच्यासाठी मशीन साफ करून ठेवायला बाई आल्या होत्या. काकांनी फक्त एका फॉर्मवर सही करायची होती: 'माझ्या ताब्यातील संगणकावर माझे वैयक्तिक काहीही शिल्लक नाही.' हा फॉर्मही काकांनीच मागच्या वर्षी टाइप केलेला. त्यांच्या टायपिंगमध्ये कोणाला काही खटकलंच, तर तो आधी स्वतःचा चष्मा पुसायचा, अशी त्यांची ख्याती होती. खाडाखोड हा प्रकार त्यांच्या कागदाला ठाऊक नव्हता. फॉर्मवर सही करायला त्यांनी पेनाचं टोपण काढूनही ठेवलं होतं.

"पण ही राहिली कशी?" ते पुटपुटले. "मी तर एकदाही सेव्ह केलं नाही."

"म्हणून तर राहिली." बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. एकाखाली एक फायली, प्रत्येकीच्या नावाआधी एक वळवळती आडवी रेघ आणि पुढे नुसते आकडे. "तुम्ही लिहायला लागलात की हा प्रोग्राम बाजूला एक कच्ची नक्कल ठेवत जातो. दर दहा मिनिटांनी. तुम्ही नीट बंद केलंत की आपला पसारा आपणच उचलतो. पण मध्येच वीज गेली, तर उचलणार कधी? घाईत घर सोडलं की ताटं तशीच पडून राहतात ना, तसं."

बोलता बोलता त्या थांबल्या. चाळिशीच्या बाई, स्वभावाने मोकळ्या, आणि या मशीनशी त्यांची जुनी ओळख. सगळ्या इमारतीत सर्वांत आजारी मशीन काकांचं. महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार ठरलेली, 'चालता चालता आपोआप बंद पडते.'

"काका, या मजल्यावर दुसऱ्या कोणाचं मशीन असं बंद पडत नाही. तीन वेळा पॉवर सप्लाय बदललाय मी याचा. एकदा तर अख्खी वायर नवीन ओढली."

बाई वाकून टेबलाखाली बघू लागल्या. तिथे, काकांच्या उजव्या बुटाशी, विजेचा बोर्ड होता आणि त्यावरचं लाल बटण घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

"पायानं?" बाईंना हसू फुटलं. "काका, पायानं बंद करायचात? आणि मी बिचारी वर्षानुवर्षं आत डोकं खुपसून..." मग त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

त्याचं असं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळं ऑफिस खाली कँटीनला जायचं. काकांना आधी दोन-तीनदा बोलावून झालं, मग बोलावणंही बंद झालं. डबा दहा मिनिटांत आटपायचा आणि नवं पान उघडायचं. वर 'प्रति', खाली 'चि. गट्टू', त्याखाली 'विषय'. सदतीस वर्षांची सवय. लेकीला लिहितानाही विषय घातल्याशिवाय बोटं पुढे सरकायची नाहीत. कोणी आलं नाही तर सुट्टी संपताना ते पान बंद करायचे. मशीन विचारायचं, बदल जतन करायचे का? काका म्हणायचे, नाही. आणि मध्येच कोणाच्या पावलांचा आवाज आला की पाय बटणावर. स्क्रीन काळा.

"पुन्हा गेलं वाटतं मशीन?" येणारा विचारायचा.

"गेलं," काका म्हणायचे. मशीनलाही तोंड असतं तर त्याने काय सांगितलं असतं कोण जाणे.

"गट्टू म्हणजे मुलगी तुमची?" बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"हो. लहानपणी गुटगुटीत होती. आता असेल तिशीची."

"असेल म्हणजे?"

काकांनी टोपण पेनाला लावलं. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पण उद्यापासून इथे कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

"नऊ वर्षांपूर्वी हिची आई गेली. हॉस्पिटलमध्ये होती. त्या दिवशी वार्षिक अहवाल निघायचा होता. एक्केचाळीस पानं. पोरीचे तीन फोन आले. बाबा, या लवकर. मी तिन्ही वेळा म्हटलं, हे एवढं पान होऊ दे, निघतोच. पोचलो तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती. पोरगी बाहेर उभी. म्हणाली, बाबा, तुम्ही टाइप करत होतात."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, तू होतीस ना जवळ? तू काय केलंस?" काका स्क्रीनकडे बघत राहिले. "सगळ्यांसमोर बोललो. पोरगी अकरा रात्री जागली होती आईपाशी. महिन्याभरात दुसऱ्या गावी नोकरी धरली तिनं. दोन वर्षांनी एक कार्ड आलं, नुसता पत्ता लिहिलेला. तेवढंच."

कार्ड त्यांच्या डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात होतं. गेली सात वर्षं ते रोज ऑफिसला येऊन परत घरी जात होतं.

"मग इतकी पत्रं लिहिलीत, एक पाठवायचं ना!"

"मनासारखं उतरायला हवं. माफी मागायची तर नीट मागायला हवी. रोज मागायचो आणि रोज वाटायचं, अजून जमलं नाही."

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे आता तर सोन्याहून पिवळं झालं की! दोनशे बारा वेळा मागितलेली माफी आयती हातात आहे. मी पेन ड्राइव्हवर भरून देते. पाठवा सगळी एकदम. बघू दे तिला, बाप नऊ वर्षं काय करत होता ते."

हे काकांच्या मनातही आलं नव्हतं. जी पत्रं कोणी न येता शांतपणे संपली, ती पार नाहीशी झाली होती. कोणीतरी आलं तेवढीच उरली होती. म्हणजे नऊ वर्षांत दोनशे बारा वेळा कोणी ना कोणी त्यांच्या टेबलापर्यंत आलं होतं, कोणी सही झाली का विचारायला, कोणी टाचणी मागायला. त्या प्रत्येक वेळी ते मनातल्या मनात चरफडले होते. आणि आता त्याच माणसांच्या कृपेने पोरीला दाखवायला काहीतरी शिल्लक होतं. हे तिच्या हातात पडलं तर ती वाचेल, सगळं नाही तरी पाच-दहा वाचेल, आणि फोन करेल. काकांना तिचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला.

"चालेल," ते म्हणाले. "पण आधी जरा बघायला हवीत. तिला लागेल असं काही नको जायला."

"सगळी वाचत बसलात तर इथेच मुक्काम पडेल. एखादा शब्द सांगा, मी सगळ्यांत एकदम शोधते. माफीवाली आधी काढू."

"'माफी' घाला."

बाईंनी घातला. मशीनने थोडा वेळ घेतला. मग स्क्रीनवर एक ओळ आली: काहीही सापडले नाही.

"जुनं झालंय हो मशीन," काका म्हणाले. "'माफ' घाला नुसतं."

काहीही सापडले नाही.

"'क्षमा' लिहिलं असेल मी. ऑफिसची भाषा."

'क्षमा'ही नव्हती. 'चुकलं' नव्हतं, 'चुकलो' नव्हतं. बाईंची बोटं आता सावकाश चालत होती.

"'चूक' घालून बघा ना. 'चूक' नक्की आहे," काका म्हणाले.

"आहे, आहे. अठ्ठावीस ठिकाणी आहे!" बाईंनी घाईघाईने पहिलं उघडून मोठ्यांदा वाचलं. "'अहवाल माझ्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नव्हते. यात माझी काय चूक?'" त्यांनी दुसरं उघडलं. "'चूक कोणाचीही असो, चारचौघांत बापाला असे बोलणे...'" तिसरं त्यांनी उघडलं, पण वाचलं नाही.

पुढची काकांनी स्वतः वाचली. चष्मा पुसून वाचली. विषय: अहवालाच्या मुदतीबाबत. विषय: त्या दिवशीच्या बसच्या वेळेबाबत. विषय: तुझ्या वागणुकीबाबत. एकात एक्केचाळीस पानांपैकी किती पानं तक्त्यांची होती, ते दिलं होतं. एकात साहेबांचा स्वभाव. सगळं कसं मुद्देसूद, शुद्ध, बोट ठेवायला जागा नाही असं. आपण रोज पोरीपुढे हात जोडत होतो, असं ते नऊ वर्षं समजून चालले होते. आणि हात तर बाजू मांडण्यात गुंतलेले होते. काकांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

बाईंना राहवलं नाही. "काका, दर दहा मिनिटांनीच नक्कल होते. शेवटचं राहून गेलं असेल. माफी तुम्ही शेवटाला लिहिली असेल आणि तेवढ्यात कोणी आलं असेल."

काकांना ते पटवून घ्यायला आवडलं असतं. क्षणभर त्यांनी पटवून घेऊनही पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "शेवटाला मी नेहमी 'कळावे' लिहायचो. तिला कळावं, असं वाटायचं मला."

बाहेर कोणीतरी स्टूल ओढलं. कपाटावरच्या गुच्छातली एक पाकळी खाली पडली. बाईंनी हळूच माऊस काकांच्या हाताशी सरकवला.

"सगळी एकदम कशी निवडायची?" काकांनी विचारलं.

"विचार करा. एकदा गेली की मलाही परत आणता येणार नाहीत."

"पोरीला ही पाठवली, तर दोनशे बारा वेळा तेच बोलल्यासारखं होईल, जे त्या दिवशी बोललो."

बाईंनी दाखवलं तशी त्यांनी ती निवडली. मशीनने विचारलं, कायमची काढून टाकायची का? इतकी वर्षं मशीनने काही विचारलं की काका 'नाही' म्हणत आले होते. आज त्यांनी 'हो'वर बोट दाबलं. रकाना रिकामा झाला. नऊ वर्षं जायला चहा ओतायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

"मला दहा मिनिटं मशीन द्याल?" ते म्हणाले.

"द्याल काय! तुमचंच आहे पाच वाजेपर्यंत. मी खाली चहा घेऊन येते." दारापाशी जाऊन बाई वळल्या. "येताना पाय वाजवत येईन."

काकांनी नवं पान उघडलं. 'प्रति' आपोआप उमटलं, 'चि. गट्टू' उमटलं. मग 'विषय'. तिथे बोटं थांबली. मिनिटाला साठ शब्द टाइप करणारी बोटं; त्यांना दोन शब्दांसाठी चार मिनिटं लागली.

विषय: माफी मागणेबाबत.

खाली सवयीने 'उपरोक्त विषयास अनुसरून' आलं. ते त्यांनी पुसलं. मग लिहिलं: 'त्या दिवशी मी यायला हवं होतं. तू तीनदा बोलावलंस, मी आलो नाही. तुला जे बोललो ते खोटं होतं. आईजवळ अकरा रात्री तू जागलीस. माझं चुकलं, बाळा.' आणि 'बाबा'. 'कळावे' घातलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. चांगली खाडखाड वाजली. काकांचा उजवा पाय उचलला गेला, बटणाच्या वर तसाच थांबला. काकांनी तो उचलून बाजूला ठेवल्यासारखा खाली टेकवला. बाई आत येऊन उभ्या राहिल्या. पान उघडंच होतं.

"मुलीला लिहितोय," काका म्हणाले.

"लिहा की."

"झालंय लिहून."

प्रिंटरने कुरकुर करत एक कागद दिला. बाईंनी विचारलं, सेव्ह करायचं का? काका म्हणाले, नको, कागदावर आलंय. मग त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि 'वैयक्तिक काहीही शिल्लक नाही'च्या खाली झोकदार सही केली. ते आता खरं होतं.

पाच वाजता पोस्टाच्या पेटीसमोरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी पिशवीतलं कार्ड काढलं आणि पाकिटावर पत्ता उतरवला. हाताने लिहायची सवय गेलेली, अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली खाली गेली. सात वर्षांपूर्वीचा पत्ता. पोरगी तिथे असेल, नसेल. नसली तर पत्र परत यायला हवं, म्हणून त्यांनी पाकीट उलटं केलं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला घेतला. ऑफिसचं नाव, मजला, खोली क्रमांक. तिसऱ्या ओळीवर त्यांच्या लक्षात आलं, सोमवारी तिथे दुसराच माणूस असेल.

पिशवीत दुसरं कोरं पाकीट होतं. काकांनी ते बाहेर काढलं, आणि पुन्हा आत ठेवलं. त्यांनी लिहिलेल्या तिन्ही ओळींवर काट मारली, खाली उरलेल्या जागेत घरचा पत्ता बसवला, आणि ते खाडाखोड केलेलं पाकीट तसंच पेटीत टाकलं.