लागू होण्याची तारीख

माणसाला काय झालंय ते डॉक्टर ठरवतात. पण त्याला जगानं काय म्हणायचं, हे रुग्णालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनशेजारच्या कोंदट खोलीत ठरत असे. तिथे प्रत्येक आजाराला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लावला जाई. खोलीचे प्रमुख सगळ्यांचे कोडमास्तर. उभ्या नोकरीत आपला एकही कोड चुकला नाही, हे ते लोकांच्या लग्नातही सांगत.

सोमवारपासून वर्गीकरणाची नवी आवृत्ती लागू होणार होती. मास्तर हाताखालच्यांना बदल समजावत होते. पडद्यावर एक पान आलं आणि ते जरा घाईनं बोलू लागले.

"जन्मताना मुलगा ठरवलेलं मूल स्वतःला मुलगी म्हणत असेल, किंवा उलट, तर ते यापुढे मानसिक विकारांत धरायचं नाही. पुस्तकातलं प्रकरणच बदललंय. पुढे चला."

"थांबा की सर," मागच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे धीर आला होता. "म्हणजे रविवारी झोपताना वेडी आणि सोमवारी उठल्यावर शहाणी? एवढा गुण तर कुठल्या औषधानं येत नाही!"

खोली हसली.

"आणि आईबापांनीच ज्यांना डांबून ठेवलंय, त्यांचं काय हो?" बाईंनी पुढे विचारलं.

"त्याला कोड नाही," मास्तर म्हणाले.

पुन्हा हशा पिकला. मास्तर विनोद करत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तरांचं एकुलतं एक, घरात ज्याला पिल्लू म्हणत, गेल्या वर्षी जेवता जेवता म्हणालं होतं, "बाबा, मी मुलगा नाही. मुलगी आहे." मास्तरांनी आवाज चढवला नाही. शिकलेला माणूस हात उगारत नाही, तज्ज्ञाकडे नेतो. त्यांनी पिल्लूला मनोरुग्णांच्या केंद्रात भरती केलं, जुन्या आवृत्तीतला कोड डॉक्टरला स्वतःच सुचवला आणि पिल्लूला परगावी नोकरी लागली, अशी खोटी बातमी नातेवाइकांत पेढ्यांसारखी वाटली. बायको रडली, तेव्हा म्हणाले, "शास्त्र आहे ते."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते बूट न काढताच उभे राहिले.

"पिल्लूला आणायला जातोय."

बायकोनं गॅस बंद केला. "आज कशी आठवण झाली?"

"पुस्तक बदललं."

"माझं बदलायची गरजच नव्हती," ती म्हणाली. "पण मला विचारलं कुणी!"

केंद्रातल्या भेटीच्या खोलीत पिल्लू बसलं होतं. केस बारीक कापलेले, गोळ्यांनी हात थरथरणारे. पाण्याचा पेला ते दोन्ही हातांनी धरत होतं. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही.

"तू आजारी नाहीस," ते म्हणाले. "नव्या आवृत्तीत तसं स्पष्ट आहे."

"नवी आवृत्ती कधी निघाली, बाबा?"

"निघून... झाली काही वर्षं."

"मला इथे आणलंत, तेव्हा निघाली होती?"

"आपल्याकडे लागू झाली नव्हती."

हे वाक्य मास्तर रोज कचेरीत म्हणत. आज ते पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडलं. पिल्लूनं पेला खाली ठेवला. पाणी टेबलावर सांडलं.

"घरी येते. पण आधी काकांना फोन करा. इथून, माझ्यासमोर."

मास्तरांनी थोरल्या भावाला फोन लावला.

"काय रे, काय म्हणतोय आमचा नोकरदार?"

"दादा, नोकरी नाही. मी खोटं बोललो. पोरगी आहे ती. लोक काय म्हणतील म्हणून मी तिला कोंडून ठेवलं होतं."

पलीकडे दार लोटलं गेलं. मग दबका आवाज आला: "हळू बोल. घरात पाहुणे आहेत."

मास्तरांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. बाहेरच्या नर्सनं वळून पाहिलं. फोन तिकडून बंद झाला.

पिल्लूनं मास्तरांनी आणलेली पिशवी उघडली. आत बदलायचे कपडे होते. मास्तरांनी स्वतः इस्त्री करून आणलेले, शर्ट आणि पँट.

मास्तरांनी मान खाली घातली. आता ती उठून आत निघून गेली असती, तरी त्यांनी तिला थांबवलं नसतं.

"चला," ती पिशवी मिटत म्हणाली. "वाटेत कपड्यांचं दुकान लागेल. आत मात्र तुम्ही माझ्याबरोबर यायचं. रस्त्यावर उभं राहायचं नाही."