गरम हातांवर पाणी

मारिविकच्या डोक्यात सकाळपासून संताप खदखदत होता, आणि तो एकट्या सासूवर नव्हता.

तिचा नवरा रोडेल मनिलाच्या एका कॉल सेंटरमध्ये सात वर्षं रात्रपाळी करत होता. अमेरिकेत दिवस उजाडला की याने फोनवर बसायचं. सकाळी सुटल्यावर सगळी टोळी कोपऱ्यावरच्या टपरीत बिअर आणि डुकराचं परतलेलं मांस हाणायची. मग खिडकीला काळं कापड लावून झोप. रक्तदाब वाढलाय, हे डॉक्टरने मागेच सांगितलं होतं. माणूस रात्री झोपतो तेव्हा त्याचं हृदयही जरा सावकाश चालतं, विसावा घेतं. याच्या हृदयाला तो विसावा मिळतच नव्हता. रोडेलने दिवसपाळी मागितली. साहेब म्हणाले, बघू.

आज तो घामाघूम होऊन घरी आला. हात थरथरत होते, डावा दंड दुखत होता. सासूने, बेलेनने, एका नजरेत निदान केलं: पास्मा, तापल्या अंगाला गार पाणी लागून होणारा रोग. रात्रभर बटणं बडवून तापलेले हात याने गार पाण्याने धुतले असणार. मालीशवाली इस्यांग आली आणि आल्याचं तेल चोळू लागली. मारिविकने दवाखान्याचं नाव काढताच दोघी तिच्या अंगावर आल्या. तापल्या अंगाला वारा लागला तर पोरगं हातचं जाईल, म्हणे.

"आता जबडाही दुखतोय," रोडेल पुटपुटला.

"पास्मा वर चढतोय," इस्यांग म्हणाली. "अजून चोळते. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही."

मारिविक मोरीतून गार पाण्याची बादली घेऊन आली आणि तेलाने चकाकणाऱ्या त्या हातांवर तिने ती अख्खी ओतली.

"मोडला तुमचा उपचार. आता दवाखान्याशिवाय दुसरं काय उरलंय, सांगा."

इस्यांगने तेलाच्या बाटलीला बूच लावलं. गार पाणी लागल्यावर चोळलं तर रोग आत कोंडतो, हे तीच गल्लीभर सांगत फिरायची. शेवटी सासूच रडत रिक्षा बोलवायला धावली.

हृदयाची नस तुंबली होती. वेळेत आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासू मात्र बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, की सुनेनेच पोराची ही दशा केली. मारिविकने तिला बोलू दिलं.

तेवढ्यात रोडेलचा फोन वाजला, तो मारिविकने उचलला. साहेब होते. आज माणसं कमी आहेत, अर्धी पाळी तरी करेल का तो, असं गोड आवाजात विचारत होते.

"सर, तुम्ही रात्री कुठे असता?"

"घरी," ते गोंधळून म्हणाले.

"झोपलेले?"

"हो, म्हणजे..."

"मग आज उठा," मारिविक म्हणाली, "आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसा."