औषधाचे नाव मिरवणारे घड्याळ

मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे, मित्रांनो. आता दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांमध्ये पडून असतो. सेल काढून घेतल्यामुळे माझे काटे चालत नाहीत, पण कान अजून शाबूत आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखी कितीतरी घड्याळे तिथे पट्ट्यावरून सरकत होती. आमच्या पांढऱ्या तबकडीवर लाल अक्षरांत एका नव्या औषधाचे नाव छापले गेले. मनाच्या आजारावरची गोळी होती ती. मला त्याचा अर्थ कळत नव्हता, पण आपण उठून दिसतो एवढे कळले आणि मी फुशारलो.

औषध कंपनीच्या प्रतिनिधीने मला मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरांकडे आणले. स्टुलावर चढून त्यानेच मला त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगले. डॉक्टर भले होते, फक्त त्यांना उसंत नसे. बाहेर बाकांवर माणसे दाटीवाटीने बसलेली असत. ती नवी गोळी ते पुष्कळांना लिहून देत आणि पुष्कळांना तिचा गुण येई. हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर माझी गोष्ट लंगडी पडेल.

एके दिवशी एक पोहायला शिकवणारी ताई तिच्या मोठ्या भावाचा हात घट्ट धरून आत आली. तिची झोप उडाली होती. तलावाच्या पाण्यात कुणीतरी विष कालवले आहे, असे तिच्या मनाने घेतले होते. शिकायला आलेल्या लेकरांना तिने भर वर्गातून ओढून बाहेर काढले होते. बोलता बोलता ती थांबे आणि दाराकडे बघे. भाऊ शिंपी होता. त्याच्या शर्टाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. म्हणजे शिवण तशीच टाकून तो धावत आला होता.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ताईला झोप लागू लागली, विषाची भीती ओसरली आणि ती पुन्हा कामावर गेली. भाऊ येऊन हात जोडून गेला. त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगली. जणू तिला मीच बरे केले होते!

पण पुढच्या खेपेला ताईचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. अंग जड पडते, सकाळी डोळे उघडत नाहीत, वजन वाढत चालले आहे, असे तिने सांगितले. सवय होईल, असे डॉक्टर म्हणाले. त्यानंतरच्या खेपेला तिने जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. एक लहान मुलगा काठावरून घसरून खोल पाण्यात गेला. ताईला तो दिसला, पण तिचे अंग वेळेवर हलले नाही. दुसऱ्या शिक्षकाने उडी मारून त्याला बाहेर काढले. मूल वाचले, पण ताई आतून हादरली. डॉक्टर कागदावर लिहीत होते. हीच गोळी अजून थोडे दिवस घेऊन बघू, असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला.

ताईने कागद वाचला. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच खिळली.

"हे घड्याळ कुणी दिलं?" तिने विचारले.

कंपन्या देतात असं काहीतरी, असे म्हणून डॉक्टर हसले. ताई हसली नाही. मला पहिल्यांदाच माझ्या लाल अक्षरांची लाज वाटली.

पुढचे मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकले. घरी गेल्यावर भावाने मोबाइलवर त्या गोळीचा शोध घेतला. वाचावे तितके त्याचे डोके तापत गेले. या कंपन्यांना तू बरी व्हायला नकोच आहेस, असे त्याने बहिणीला सांगितले. ताईने गोळी एकदम बंद केली. थोडे दिवस तिला मोकळे वाटले आणि मग आजार दुपटीने उलटला. तिला मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले आणि तिथे तीच गोळी पुन्हा सुरू झाली.

बरी झाल्यावर दोघे पुन्हा आले, तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत मोठा वाद झाला. डॉक्टरांनी भावाला धारेवर धरले. भाऊही ऐकणारा नव्हता. गोळीने अंग जड पडते हे आधी का सांगितले नाही, भिंतीवर कंपनीची जाहिरात लावून बसता आणि आम्ही विश्वास कसा ठेवायचा, असे तो विचारू लागला. सगळे आधीच सांगितले तर लोक औषधच घेत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले.

तेव्हा ताई बोलली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"दादा, गोळीनं मला गुण आला होता, ते तू बघितलंस. आणि डॉक्टर, त्या पोरापाशी मला पोचता आलं नाही, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही दोघंही माझ्यासाठीच भांडताय, पण माझं ऐकलं कुणी?"

भावाने मान खाली घातली. डॉक्टरांनी पेन ठेवले आणि बाहेरच्या लोकांना थांबायला सांगितले. मग त्यांनी गोळीचे फायदे सांगितले, तोटे सांगितले आणि आपल्याला काय ठाऊक नाही, तेही सांगितले. प्रतिनिधीच्या बोलण्यावर मी जास्तच विसंबलो, असेही ते म्हणाले. दुसरे एक औषध होते. त्याने हाताला थोडा कंप सुटू शकतो, पण सुस्ती कमी येते. जुने हळूहळू कमी करत नवे वाढवावे लागेल आणि गुण येईलच याची हमी नाही. ताईने विचार करून होकार दिला. दर खेपेला मी सोबत येईन, असे भाऊ म्हणाला.

ते गेल्यावर डॉक्टरांनी मला स्वतःच्या हाताने खाली उतरवले. मला राग आला नाही.

ताई आता पुन्हा शिकवते. कपातला चहा कधीकधी डचमळतो, असे ती सांगत होती. तलावावर तिने आपला आजार लपवला नाही. वर्गाच्या वेळी दुसरा शिक्षक काठावर उभा असतो. अधूनमधून वाईट दिवस येतात, तेव्हा ती भावाला फोन करते आणि तो शिवण टाकून येतो.

मित्रांनो, मी साधे घड्याळ, औषधातले मला काय कळणार? एवढेच मागणे आहे. कुणाच्या मनाचे औषध चालू असेल तर ते सोडायला परस्पर सांगू नका, आणि त्या औषधाचा त्रास तो सांगू लागला तर त्याला गप्प बसवू नका. परवा माझ्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. कुणी नवीन माणूस आत आला होता आणि डॉक्टर त्याला म्हणत होते, "गोळीनं काय बरं वाटतं ते सांगा, आणि काय बिघडतं तेही सांगा." तो माणूस आधी चाचरला. मग कितीतरी वेळ तोच बोलत होता आणि डॉक्टर ऐकत होते.