बोट न जाणारी फट

मिस्त्रीनं बसवलेलं चाक डोलत नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे आणि मिस्त्री ते खरं मानायचा. घोडं पेंड खातं ते इथंच. आपली स्तुती माणसानं ऐकावी, पण तिच्यावर विसंबू नये.

त्याच्या लेकीकडे गोंडा होता. गोंडा म्हणजे चिंचिला या उंदराच्या जातीतल्या पाळीव प्राण्याचं राखाडी पिल्लू, सगळा ऐवज कानांचा आणि लोकरीचा. त्याची आई त्याला पाजेना, तेव्हा लेकीनं ड्रॉपरनं दूध पाजून त्याला जगवलं होतं. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती आधी पिंजऱ्याशी जायची. अडीच महिन्यांचा झाल्यावर तो पिंजऱ्यात उड्या मारू लागला आणि मिस्त्रीनं ठरवलं, याला पळायला एक चाक करून द्यायचं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की सहा महिन्यांचा होईपर्यंत चाक नको, या वयात हाडं काडीसारखी असतात. लेकीनं ते बापाला दोनदा ऐकवलं. तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, आता मला चाक शिकवा, असं म्हणून मिस्त्री हसला. सायकलीला जीव नसतो, असं बायको म्हणाली. तेही त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

पण खोटं कशाला बोला, चाक त्यानं जीव ओतून केलं. लहान सायकलची रिम घेतली आणि सगळे आरे काढून टाकले, कारण आऱ्यांत पाय अडकतो हे त्यालाही कळत होतं. मागं अख्खा पत्रा, धावायला रुंद पट्टी, कडा घासून गुळगुळीत. बेअरिंग असं की फुंकर मारली तरी फिरावं. आस धरायला पुढून एक लोखंडी पट्टी आडवी घेतली. ती पट्टी आणि फिरती रिम यांच्यामधली फट त्यानं दुकानातल्या रीतीनं तपासली, बोट घालून. जिथं मिस्त्रीचं बोट जात नाही तिथं काही अडकत नाही, हा त्याचा कायदा. बोट गेलं नाही.

"बाबा, अजून साडेतीन महिने आहेत," लेक म्हणाली.

"माझ्या हातचं आहे गं. माझ्यावर विश्वास नाही?"

विश्वास होता, म्हणून तर तिनं गोंड्याला चाकात सोडलं.

गोंडा असा पळाला की तिघंही हसली. मग त्यानं पळता पळताच बाहेर उडी घेतली आणि मागचा पाय फटीत गेला. दुसऱ्या कुणाचं चाक असतं तर अडखळून थांबलं असतं. मिस्त्रीचं चाक फिरत राहिलं.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय काढावा लागेल आणि एवढासा जीव भूल सोसेल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोंड्याला ती सोसली नाही. दुपारी तो बुटांच्या खोक्यातून घरी आला.

मिस्त्रीनं हातोडा उचलला, तेव्हा लेकीनं विचारलं, कुठली फट. त्यानं दाखवली. बोटही घालून दाखवलं. "बघ, जात नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आरोपीसारखा झाला होता.

तिनं आपली करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली.

"माझं जातं, बाबा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. आता चाक मोडून कुणाचं काय भलं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना तिनं सायकल दाराबाहेर काढली, थांबली आणि दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. बाप दारातच उभा होता. ती सायकल त्यानंच बांधली होती आणि आजवर तिनं ब्रेक कधी तपासले नव्हते.