फौजदार बादलीत

फौजदारानं आज पुन्हा पांढरीची शेपटी फाडली. फौजदार म्हणजे आमच्या टाकीतला निळा मासा. नाव ह्यांनी ठेवलेलं. हे गेले आणि मासे माझ्या गळ्यात पडले. पाणी बदला, काच घासा, भांडणं सोडवा. जशी काही घरातली भांडणं कमीच पडत होती.

पांढरी फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून उभी होती. एका बाजूचे खवले उडालेले. मी बादलीत टाकीतलंच पाणी काढलं, त्यात हवेची नळी सोडली आणि जाळी उचलली. सकाळपासून कंबर धरली होती, हात वर जाईना. पण दुसरं कोण करणार?

आतल्या खोलीत धाकटी बॅग भरत होती. काल तिच्या दादानं रिमोट फेकून मारला आणि तिच्या भुवईवर टाके पडले. कारण विचारू नका, त्याला कारण लागत नाही. त्याचं डोकं फिरलं की मी हिला मावशीकडे पाठवते. तो निवळला की ही परत येते. या वेळी मात्र तिनं कपाटावरची मोठी बॅग खाली काढली होती आणि थंडीचे कपडेही तिच्यात जात होते. ही आता परत यायची नाही, हे मला न सांगता कळलं. बोलायचं त्राण नव्हतं.

ती दारात येऊन उभी राहिली. फौजदार जाळीत उसळ्या मारत होता.

“याला का काढतेस? लागलंय तर तिला ना?”

“तुझ्या बाबांची पद्धत. फार लागलं नसेल तर लागलेल्याला आतच ठेवायचं. बाहेर काढलं की बाकीचे तिची जागा बळकावतात. बरी होऊन आली की ती परकी ठरते, मग जो तो तिच्या अंगावर धावतो. म्हणून मारणाऱ्याला काढायचं आणि आतले दगड इकडचे तिकडे करायचे. परत आला की त्याला स्वतःचा कोपराच सापडत नाही. मग जरा नरमाईनं वागतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

फौजदाराला बादलीत सोडून मी खुर्चीत बसले. एवढी वर्षं मी माशांना न्याय देत आले आणि पोटच्या पोरीला मात्र दर वेळी मीच घराबाहेर काढलं. का, तर ती ऐकते. तो ऐकत नाही. लाज वाटली. त्याहून जास्त शीण आला, कारण आता उठावं लागणार होतं.

आधी माझ्या दिराला फोन केला. मग दादाच्या खोलीत गेले. तो पलंगावर लोळत होता.

“गेली का ती?” त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

“ती कुठे जात नाही. तू बॅग भर. काकाशी बोलणं झालंय, काही दिवस त्याच्याकडे राहा.”

“मी? अगं, लागलंय तिला.”

“मारलंस तू.”

मोबाइल बाजूला आपटून तो उठला. माझ्याहून हातभर उंच. मला त्याची भीती वाटली. धाकटी इतकी वर्षं या घरात कशी राहिली असेल, ते मला तेव्हा कळलं. मी दारातून हलले नाही.